फिरक्याला पश्चात्ताप होईना

३ जानेवारी १९५४, देवळी
अकरावं प्रकरण हातावेगळं. फिरक्यानं राक्षसाच्या डोंगरातून सातही वारे पळवले. ते रांजणांत भरून तोंडं चिंध्यांनी बांधली, रांजण बैलगाडीत घातले आणि स्वारी गावोगाव वारा भाड्यानं द्यायला निघाली. ज्याला धान्य उपणायचं त्यानं पायलीमागे मूठभर ज्वारी मोजायची. पोरगं जेमतेम बारा वर्षांचं. हे माझ्या डोक्यात आलं कुठून, माझं मलाच नवल. आमच्या घराण्यात इतकं हुशार कुणी झालेलं नाही.
संध्याकाळी कुसुमला वाचून दाखवलं. ऐकणाऱ्याचा 'हूं' थांबला की गोष्टही थांबवायची, हा माझ्या आईचा नियम. आता नऊ वर्षांची लेक तो माझ्यावर चालवते. आज एकदाही थांबावं लागलं नाही.

८ जाने.
शाळा सुटल्यावर मामांच्या खळ्यावर. कुसुम सोबत. परवापासून वारा साफ पडलाय. माणसं टोपल्या घेऊन तिवईवर उभी, पण भुसा जागचा हलत नाही. कु. मामांना म्हणाली, "फिरक्याले बोलवा ना." मामा विचारतात, हा कोण, कोणत्या गावचा, काय घेतो. मी खाली मान घालून ज्वारी चाळवत बसलो. तिनं भाव सांगितला. मामांनी जरा विचार केला. महाग आहे म्हणाले, पण दिला असता.
म्हणजे गोष्ट पटण्यासारखी आहे. पण लोक फिरक्याला शिव्या देतील की त्याची वाट बघतील? बहुतेक दोन्ही. हे बाराव्यात घ्यायचं.

१७ जाने., रवि.
नागपूर. गेल्या आठवड्यात धाडलेलं अकरा प्रकरणांचं हस्तलिखित प्रकाशकांनी वाचलेलं होतं. खरोखर वाचलेलं, राक्षसाच्या आत्याचं नावसुद्धा लक्षात. चहा मागवला. पुस्तक काढतो म्हणाले. माझं पुस्तक! इतकी वर्षं साभार परत, साभार परत, आणि आज हे.
मग राहिलेल्या शेवटावर आले. "मास्तर, पोरगा चोर आहे. शेवटी त्याला पश्चात्ताप पाहिजे. नाही तर एकही शाळा हे घेणार नाही, आणि शाळांनी घेतलं नाही तर मी छापणार नाही." फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तसा शेवट लिहून पाठवायचा. मी लगेच हो म्हटलं. फिरक्यानं एकदा माफी मागितली तर बिघडतं काय?
वर्ध्याला देवळीची मोटार चुकली, तरी राग आला नाही. नवऱ्याचं पुस्तक निघणार म्हणून शांतानं शिरा केला.

२३ जाने.
फिरक्या रडत नाही. आज पुन्हा त्याला रडवायला बसलो. डोळे चोळता चोळता तो राक्षसाच्या खिशात हात घालतो. राक्षसाला खिसा आहे हे मला आजच कळलं. त्यात काय आहे हे बघावंसं फार वाटलं, पण नाही बघितलं. पान फाडलं.
शाळेत पोरांना भागाकार शिकवताना लक्ष त्या खिशात.

२५ जाने.
झालं एकदाचं. सगळे वारे परत. फिरक्या राक्षसाच्या पाया पडून म्हणतो, यापुढे मी कष्टाचीच भाकर खाईन.
कु.ला वाचलं. तो पाया पडायच्या आधीच 'हूं' थांबला. वाटलं, डोळा लागला असेल. कसला डोळा लागतो, आढ्याकडे बघत पडली होती. पुढे वाचू का विचारलं. तिनं कूस बदलली. मग मात्र माझं डोकं फिरलं. बाप वाचतो तेव्हा नियमबियम काही नसतो, मुकाट ऐकायचं, असं बरंच बोललो. शांता चुलीपासून म्हणाली, "पोरीवर काऊन चिडता? तिनं थोडंच लिवलं ते."
रात्रभर चुटपुट.

२७ जाने.
थोडी डागडुजी करून तोच शेवट पुन्हा वाचला. आज ओळीओळीला 'हूं'. मी खूश. मग वाटलं, हे जरा जास्तच होतंय. वाक्य पुरं व्हायच्या आत 'हूं' येत होता.
लहर आली. त्याच सुरात शेजारी पडलेल्या वर्तमानपत्रातले कापसाचे भाव वाचले. हूं. पुढे शाळेचं परिपत्रक, शिक्षकांच्या रजेबद्दलचं. हूं. शांताला हसू आवरेना, मलाही. कु. मात्र गंभीर.
विचारलं तर म्हणाली, "आईनं सांगतलं, बाबाचं पुस्तक निंगालं पाह्यजे. म्हणून 'हूं' म्हणून राह्यली होती."
हसू तिथंच विरलं. एवढ्याशा पोरीनं मला बनवलं, तेही माझ्या भल्यासाठी. फार वाईट वाटलं. अभिमानही वाटला, तो शांताला सांगितला नाही.

२९ जाने.
कु.ची वेणी घालून होईतो थांबलो. मग विचारलं, तुझा फिरक्या शेवटी काय करतो? तिला माहीत नाही. मला वाटलं होतं, तिच्याकडे काहीतरी तयार असेल. नाही. एवढंच माहीत आहे की तो पाया पडत नाही. रिबिनीचं टोक चावत म्हणाली, "पडला तं राक्षसाचा जोडा घेऊनच उठते."
शांताचं म्हणणं, आधी हे पुस्तक निघू द्या, दुसऱ्यात काय गोंधळ घालायचा तो घाला. तिचं चूक नाही. पहिलं निघालं नाही तर दुसरं विचारतो कोण?

२ फेब्रु.
पाकीट बांधलं. पाया पडणारा शेवटच घातला. पोस्टात निघालो तर कु. मागे. पायरीवर म्हणाली, "छापून घ्या, बाबा. पुस्तक चांगलं दिसन. मी वाचणार नाई फक्त."
रुसून नाही म्हणाली. माझी अडचण तिला समजली होती आणि ती मला सोडवत होती. रुसली असती तर सोपं गेलं असतं.
पोस्टमास्तरांनी वजनाला हात पुढे केला. एक पान घरी राहिलं म्हणून परत फिरलो. धडधडीत खोटं. कु.नं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पायऱ्या उतरली.
संध्याकाळपासून शेवट पुन्हा लिहीत बसलोय. फिरक्या पाया पडायला वाकलाय. राक्षस आशीर्वादाला हात उचलतो. प्रकाशक हे घ्यायचे नाहीत, स्वच्छ दिसतंय. शांता दोनदा येऊन बघून गेली. मी तिला म्हटलं थांब, तो अजून वाकलेलाच आहे, आणि त्याचा एक हात मला दिसत नाही