पुलापासून डांबरीनं

राजूदादा,

मी नदीकाठच्या फेरीले निघाली. रस्ता तूच आखला, पण मोबाइलमंधी दिसते तो रस्ता नाही, शेतातली पांदण आहे. परवाच्या पाण्यानं तिथली काळी माती चाकात अशी भरते, का सायकलच खांद्यावर घ्या लागते. म्हणून मी अरुणावतीच्या पुलापासून डांबरीनं पैनगंगेवर जाईन, सांजच्याले वापस येईन.

मागच्या साली उतारावर पडला तवापासून तू सायकलले हात नाही लावला, अन् नाव आपल्या मायच्या, याडीच्या भेवाचं सांगते. याडीनंच आज मले भाकर बांधून देल्ली. दोघाईची.

तुह्या दोन्ही चाकाईत हवा भरून ठेवली आहे. पुलावर मी चहा पिईन. लय हळू पिईन.

अंजू