पाणलाव्याची मादी

३ ऑगस्ट

पुन्हा तेच! यांच्या पक्ष्यांच्या पुस्तकात नराला पानभर चित्र, मादीला एक ओळ — ‘फिकी, मातकट.’ चित्रं काढणार मी. विचारलं, मादी काहून नाही? “मादीत पाहाले काय असते, शामला?” निवृत्त झाल्यापासून नवरा पक्षितज्ज्ञ झालाय. डोंबल!

१७ ऑगस्ट

भिवापूरला माझ्या बहिणीकडे, तुळजाताईकडे गेलो होतो. तिच्या शेतामागच्या बोडीवर, त्या लहानशा तळ्यावर, पाणलावे! हे गाडीत, फोनवर. मी काठावर चिखलात बसून पाहिलं. या पक्ष्यात सगळा थाट मादीचा — गळा भाजलेल्या विटेसारखा, डोळ्याभोवती पांढरं. नर आपला भुरका. दोन माद्या समोरासमोर आल्या. जिचा गळा गडद, तिने नुसते पंख उघडून दाखवले. फिकी मुकाट मागे सरली. मारामारी नाही, काही नाही! रंगावरूनच कळलं तिला, कोण वरचढ ते. आणि अंडी घातली की ही बया चालती होते. उबवत बसतो नर.

यांना सांगितलं तर हसले. “बाईचा रंग नवऱ्याले दाखवाले असते फक्त.” फार लागलं मला.

२ सप्टेंबर

तिचं चित्र झालं. असा हात कित्येक वर्षांत चालला नव्हता. हे म्हणाले, “नर झकास उतरला! हाच कव्हरवर.” मी म्हटलं, ती मादी आहे. “तू मले शिकवून राहिली का?” मग चित्राखाली ठळक लिहूनच दिलं — मादी.

९ ऑक्टोबर

कव्हर छापून आलं. माझी अक्षरं कापलीत. खाली — ‘नर’. माझं नाव आत-बाहेर कुठेच नाही.

२२ नोव्हेंबर

प्रकाशन. रामदासपेठेतला हॉल भरलेला. दामिनी म्हणून एक कॉलेजातली मुलगी उठली — “सर, कव्हरवर तर मादी आहे नं?” हशा! हे माइकवर, हसत हसत — “चित्र आमच्या घरच्यांनी काढलं. घोळ त्यांचाच.” म्हणजे चूक निघाली तेव्हा चित्र माझं झालं! जीव नुसता जळतोय.

२३ नोव्हेंबर

पुस्तकांचे खोके घरी परत. नंदनवनच्या या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही. “शामला, ‘मादी’च्या पट्ट्या आणल्या. साऱ्या कव्हरांवर चिकटवून दे.”

२४ नोव्हेंबर

भिवापूरची बस. रंगांची पेटी मांडीवर. खोके त्यांच्यापाशी — बसू देत उबवत.