तारमास्तराची वाटणी

मी, अब्राहाम जेठ्या गावित, वय अंदाजे बासष्ट, धंदा शेती, राहणार खांडबाऱ्याजवळ, तालुका नवापूर, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. छातीत कळ येते, पण डोके शाबूत आहे. कोणी मला धाक घातला नाही, की कोंबडी खाऊ घालून माझे मन वळवले नाही. घातली असती तर खाल्ली असती आणि लिहायचे तेच लिहिले असते.

१. राहते घर, परसू, मोहाची दोन्ही झाडे व पोस्टातली शिल्लक माझी पत्नी सोमीबाई हिची. तिच्या हयातीत तिला त्या घरात कोणी "जरा सरक" असेसुद्धा म्हणू नये. माझ्यासारख्याबरोबर तिने चाळीस वर्षे काढली. मला ती फार आवडते, हे तोंडाने कधी बोललो नाही म्हणून इथे लिहितो.

२. वरचे शेत, बैलजोडी, नांगर व बाकी अवजारे मुलगा आमशा याला. नांगर पावसात उघडा टाकण्याची खोड त्याने सोडावी.

३. तार ठोकण्याची सरावाची पितळी कळ व सोनेरी शिक्क्याचे सर्टिफिकेट, ही मोडीत घालावीत. कारण सांगतो. सन १९११ साली मी पस्तीस वर्षांचा असताना बाजारच्या दिवशी एक टोपीवाला गृहस्थ छापील कागद वाटत आला. सुरतेच्या खाजगी टेलिग्राफ कॉलेजात सहा महिने शिका, रेल्वेत तारमास्तर व्हा, असे त्यात होते. मी तेव्हाची बैलजोडी विकून फी भरली. शिकलोही मन लावून. शेवटी मास्तर म्हणाले, "तू पास झालास, हा घे कागद." आम्ही रुळाकाठची माणसे, आम्हांला पास एकच ठाऊक, रेल्वेच्या नोकरांना फुकट प्रवासासाठी मिळतो तो. मी ते सर्टिफिकेट छातीशी धरून बिनतिकिटाने गाडीत बसलो. नवापूरला तिकीट तपासनिसाने मला उतरवले. तो धुळ्याकडचा होता. म्हणाला, "दादा, हाऊ पास परीक्षाना शे, गाडीना नही!" तिथून खांडबाऱ्यापर्यंत रुळाच्या कडेने चालत आलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या स्टेशनमास्तरांकडे गेलो. भला माणूस. त्यांनी मला बसवून पाणी दिले आणि सांगितले, की रेल्वे आपले तारवाले आपणच शिकवते, आणि पंचविशीच्या वरचा माणूस घेतच नाही. "कॉलेजवाल्याने तुझे वय नाही विचारले?" मी म्हटले, "नाही साहेब, फी विचारली." पुढे त्याच स्टेशनावर अकरा वर्षे गवताच्या गासड्या चढवल्या. त्या कामाला सर्टिफिकेट नव्हे, खांदे लागत. शिकलो ते वाईट नव्हते. इंग्रजी अक्षरे आली, गावच्या तारा मीच वाचून देतो. पण तिथे नोकरी विकत मिळेल असे सांगितले होते, आणि ती त्यांच्या दुकानात नव्हतीच.

४. दुकानदार गिरधर याने सव्वीस वर्षे मला भर बाजारात "या तारमास्तर" अशी हाक मारली. त्याच्यावरचा राग मी सोडला आहे. त्याला अडकित्ता द्यायचा होता, पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही मिळत नाही असा कायदा आहे. हे कळल्यावर तो सही करायला कां-कूं करू लागला. म्हणाला, "आते काय, नुसती माफीवरच भागाडू?" भागव बाबा.

५. खालचे भाताचे शेत माझी मुलगी मोगराबाई हिला. ती चौतीस वर्षांची आहे, नवरा वारल्यावर माहेरी आली, आजूबाजूच्या गावांची बाळंतपणे करते. तिच्याही हाती आता तसाच छापील कागद आला आहे: सुरतेस सुईणकाम कॉलेज, सहा महिन्यांत डिप्लोमा, इस्पितळात नोकरी. सबब, असले काही शिकायला तिने गाव सोडू नये, की त्यासाठी हे शेत विकू अगर गहाण टाकू नये. तसे केल्यास शेताचा मालक आमशा होईल.

६. वरची शाई वाळत होती तेव्हा मोगराने ते कलम वाचले. वाचायला तिला मीच शिकवले. आमच्या बोलीत ती जे म्हणाली ते मराठीत लिहितो.

"बा, मी नवापूरच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरबाईंना आधीच विचारलं. त्या म्हणाल्या, त्या कागदावर कोणी नोकरी देत नाही. तिथे बाळंतीण दाखवतसुद्धा नाहीत, नुसतं पुस्तक."

मी म्हटले, "मग झालं तर. नोकरी नाही, तर जायचं कशाला?"

"मला नोकरी कुठे पाहिजे? फुलीबाईचं बाळ आडवं होतं, बा. दोन दिवस ती माझा हात धरून होती. काय करायचं ते मला येत नव्हतं. ती गेली. मला ते शिकायचंय."

शेजारची फुलीबाई गेल्या साली बाळंतपणात गेली हे सगळ्या गावाला ठाऊक होते. मोगरा त्यानंतर महिनाभर नीट जेवली नव्हती, त्याचे कारण मी अपचन समजत होतो. तिला पगाराची हाव सुटली असे मला वाटले, कारण मला सुटली होती.

डॉक्टरबाई तिला वर्षभर हाताखाली ठेवून शिकवणार आहेत. पगार नाही, कागद नाही. खायला आपले आपण न्यायचे. म्हणून तिला खालचे शेत पाहिजे होते, आणि मी त्यालाच कुलूप घालत होतो.

७. तरी पाचव्या कलमातील "सबब" पासून पुढच्या ओळी मी खोडल्या आहेत. शेत मोगराचे, कोणत्याही अटीशिवाय. ती शिकत असेल ते वर्षभर त्या शेतात आमशाने राबावे व भात नवापूरला पोचता करावा. त्याला विचारले. तो म्हणाला, "डोक्यावर नेऊन देईन." खोडलेल्या ओळी अजून वाचता येतात. त्यांवर शाई ओतू नये. बाप मुलीला किती कमी ओळखतो, हे नातवंडांना कळू द्यावे.

खाडाखोड माझ्याच हातची, साक्षीदारांसमक्ष केली.

सही: अब्राहाम जेठ्या गावित

आमच्यासमोर अब्राहामने वाचून दाखवले व सही केली. आम्ही त्याच्यासमोर केली:
१. गिरधर, दुकानदार, खांडबारा (सही)
२. वाहरू, स्टेशनावरचा हमाल (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम खांडबारा, तारीख ९ फेब्रुवारी १९३८