दोन्ही डिस्क सारख्याच

२४ नोव्हेंबर, सकाळी १०.
स्टुडिओचा जुना कॉम्प्युटर जळाला, नवा आला. मालक लोटनअप्पा म्हणाले, अकरा वर्षांच्या लग्नांचे फोटो यात नीट बसव. जमलं तर कॉम्प्युटरसमोरची खुर्ची तुझी. नाही तर पुन्हा लग्नांत लाईटचा स्टँड धर. शहाद्यात विंडोज सोडून लिनक्सवर कॉम्प्युटर चालवता येणारा मी एकटा. बारावी सुटली म्हणून काय झालं?

२५ नोव्हेंबर.
ठरलं. दोन डिस्कचा मिरर. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवर. एक मेली तरी दुसरी उभी. वहीत स्केलने पार्टिशनचे, म्हणजे डिस्कच्या भागांचे, चौकोन आखले. नवा कॉम्प्युटर जुन्या बायोस पद्धतीने नाही, नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू होतो. त्याला सुरू व्हायलाच डिस्कवर एक छोटा वेगळा चौकोन लागतो. तो मिररमध्ये बसत नाही. पहिल्या डिस्कवर केला. एकदा पुरे.

२७ नोव्हेंबर.
जळालेल्या कॉम्प्युटरच्या डिस्कवरून फोटो उतरवले; शेवटी तीही बंद पडली. मिररची दुसरी डिस्क काढून कॉम्प्युटर चालू केला. चालला. तीनदा काढली, तीनदा चालला. पहिली काढून बघायची गरज नाही. दोन्ही सारख्याच.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
काउंटरवरची रुचिका दर शनिवारी सगळे फोटो आपल्या पोर्टेबल डिस्कवर उतरवते. म्हटलं, हा माझ्यावर अविश्वास आहे. म्हणाली, "ललितदादा, तुमनावर भरोसा शे, डिस्कवर नही." उद्धट. अप्पांना सांगणार.

१ डिसेंबर.
नूतनताई लोणखेड्याहून लग्नाचा अल्बम न्यायला आल्या. त्यांच्यादेखत अप्पांना म्हटलं, कुठलीही डिस्क काढा. अप्पांनी नेमकी पहिली काढली. स्क्रीन काळी. "मंग दोन कसाले रे?" नूतनताई तोंडाला पदर लावून हसल्या.
दोष नियम बदलणाऱ्या कंपन्यांचा.

२ डिसेंबर, दुपारी ४.
दुसऱ्या डिस्कवरही छोट्या चौकोनाला जागा हवी. ती पुसली, नव्याने आखली, लिनक्स टाकलं. मग पहिली जोडली. मिरर कुठून कुठे, असं कॉम्प्युटरने विचारलं. एक नंबरकडून दोन नंबरकडे.

सायं. ६.३०.
शंभर टक्के पूर्ण. आता कुठलीही डिस्क काढा, कॉम्प्युटर सुरू होतो. फोटोंचा फोल्डर उघडला. रिकामा. दुसरीवरही रिकामा. जोडताना नंबर बदलतात, पुसलेलीच एक नंबर होते, हे कुणी सांगितलं होतं? मिरर निर्दोष आहे.

३ डिसेंबर.
रुचिकाच्या डिस्कवरून सगळी लग्नं परत आली. नूतनताईंचंही. खुर्चीवर ती. अप्पांनी तिला आणखी एक डिस्क आणली आणि मला हाक मारली. वाटलं, मिरर करायचा असेल. म्हणाले, "तुन्हं अक्षर चांगलं शे. हिच्यावर लेबल लिखी दे."
लिहिलं: 'रुचिका – शनिवार'. भोवती स्केलने चौकोन. सुरेख आला.
साडेपाचला प्रकाशा गावी लग्न. लाईटचा स्टँड गाडीत ठेवला.