मामंजींच्या गोळ्या आणि नवी पेठेतलं दुकान

१२ जून

आज मेंदूचे डॉक्टर, मामंजींचे हात थरथरायला लागले म्हणून. हृदयाचे झाले, कानाचे झाले, हे तिसरे. सात रस्त्याजवळचं हॉस्पिटल इतकं चकचकीत, की मामंजींनी आजही दारातच चपला काढल्या. वॉचमन म्हणाला, घाला आजोबा, देऊळ नाही हे. मामंजी म्हणाले, मग एवढी रांग कशाची?

सकाळी गेलो, दुपार तिथंच झाली. डॉक्टरांनी मामंजींना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक सही करून घेतली. सही मुंगीएवढी झाली. कंपवाताची सुरुवात आहे, म्हणाले. आणखी एक गोळी. माझा प्रश्न ओठांवर यायच्या आत पुढचा पेशंट आत!

बसवराजनं घरी येताना वाटेतच ती घेतली. (तोंडावर ‘अहो’ म्हणते. इथं नाव लिहिते – कोण वाचतंय!) अत्तीला, म्हणजे सासूबाईंना, कंपवात कळला नाही. त्यांच्या मते आमच्या साड्यांच्या दुकानात कुणाची तरी नजर लागली. मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. म्हणजे चौथा इलाज.

२९ जून

हात खरंच कमी कापतो! चहा बशीत सांडत नाही. डॉक्टरांना मनातल्या मनात शंभर मार्क.

५ जुलै

मार्क परत घेते. मामंजी आज मला ‘शिवबाई’ म्हणाले. शिवबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, वारली त्याला किती वर्षं झाली. मी हसण्यावारी नेलं. अत्ती हसल्या नाहीत.

दुकानातूनही फोन. शेजारच्या दुकानाचे उदयसिंह सांगत होते, काकांनी एका बाईला इरकल दाखवायला घेतली आणि मध्येच उठून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मामंजी! जे डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगतात, हे रेशीम, ह्यात भेसळ.

१८ जुलै

पुन्हा मेंदूवाले. मेंदूचा फोटो काढला. वयानुसार थोडा आकसलाय म्हणे. विसरण्यावर नवीन गोळी. मी विचारलं, आधीच्या गोळीनं तर असं होत नसेल? ते म्हणाले, ‘वय झालंय ना.’ पंचाहत्तरी गाठली की सगळ्या आजारांचं नाव ‘वय’ असतं.

पार्किंगमध्ये बसवराज गाडीला किल्ली लावून नुसता बसून राहिला. नवरा रडताना मी पहिल्यांदा पाहिला. मी पाण्याची बाटली पुढे केली.

९ ऑगस्ट

दुकान विकायचं आज झालं. उदयसिंहांनीच घेतलं. दोन्ही दुकानं मिळून मधली भिंत काढणार आहेत. माणूस वाईट नाही, भावही पाडला नाही. बसवराजला चिंचोळीच्या कारखान्यातली नोकरी सोडून गादीवर बसणं जमणारं नव्हतं, आणि मामंजी तर आता घरातला संडास शोधतात. दुसरं काय करणार होतो?

सही करताना मामंजींनी विचारलं, ‘कुणाचं दुकान हाय हे?’

बसवराज म्हणाला, ‘आपलंच, अप्पा.’

त्यांनी सही केली. नंतर घरी सगळ्यांना आइस्क्रीम. कुणालाच गेलं नाही, मामंजींनी मात्र दोन खाल्ली.

२ सप्टेंबर

मामंजी मोरीत पडले. कपाळ फुटलं. रक्त, रक्त!

३ सप्टेंबर

काल लिहायचं त्राण नव्हतं. आज सगळं लिहिते.

मोठ्या हॉस्पिटलात न्यायला वेळच नव्हता. कोपऱ्यावर मोबाइलच्या दुकानाच्या वर आरोही डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथं नेलं. तिशीतली पोरगी. मला वाटलं, टाके घालून पुढे पाठवेल. टाके घातले, मग मामंजींना झोपवून रक्तदाब मोजला, उभं करून पुन्हा मोजला. उभं राहिल्यावर एकदम खाली! मला म्हणाल्या, घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या घेऊन या. मी भाजीची पिशवी भरून नेली. त्यांनी त्या टेबलावर मांडल्या आणि एकच विचारलं – कुठली आधी सुरू झाली, कुठली नंतर?

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. रक्तदाबाची गोळी जुनी, आमच्या देसाई डॉक्टरांची. ते वारले, मुलानं दवाखान्यात केस-त्वचेचं क्लिनिक काढलं. मग दिवाळीत छातीत दुखलं, हृदयवाल्यांनी त्यांच्या दोन गोळ्या दिल्या. मग चक्कर. मग कानवाले.

‘ही जुनी आणि हृदयवाल्यांची ही, दोन्ही एकच आहेत,’ आरोही डॉक्टर म्हणाल्या. ‘कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आतलं औषध तेच. आजोबा रोज दुप्पट घेत होते. चक्कर त्यानं आली असणार.’

पुढचं त्या अगदी सावकाश बोलल्या. चक्कर आली म्हणून कानाची गोळी. ती थोडे दिवस घ्यायची असते, ह्यांनी महिनोन् महिने घेतली. म्हाताऱ्या माणसाचे हात तिनं कापू शकतात, चालणं मंदावतं. ते दिसलं म्हणून कंपवाताची गोळी. तिनं विसरायला होऊ शकतं. म्हणून विसरण्याची गोळी. एका गोळीचा आजार, त्याला दुसरी गोळी, तिचा आजार, त्याला तिसरी.

‘म्हणजे अप्पांना काही झालंच नाही?’ बसवराजनं विचारलं.

‘रक्तदाब आहे. बाकीचं अजून सांगता येणार नाही. आपण एकेक कमी करून बघू. पण मनानं एकही बंद करायची नाही.’

मग माझ्यासमोर त्यांनी हृदयवाल्यांना फोन लावला. मेंदूवाले संध्याकाळी सापडले. दोघंही ‘हो’ म्हणाले. ते दोघं मामंजींबद्दल आपापसात कधी बोललेच नव्हते म्हणे. दोघं एकाच इमारतीत बसतात! मध्ये फक्त लिफ्ट आहे.

४ सप्टेंबर

राग राग राग. भांडी आपटली. कुणावर चिडू? हृदयवाल्यांनी हृदय नीट बघितलं. कानवाल्यांनी कान. प्रत्येकानं आपापला तुकडा चोख बघितला. आख्खे मामंजी बघायला कुणी नव्हतं. पूर्वी देसाई डॉक्टर होते, त्यांना घरातल्या सगळ्यांची पोटं-डोकी पाठ. ते गेले, त्या जागी आता आम्हीच फाइल घेऊन ह्या मजल्यावरून त्या मजल्यावर. निरोप्याचं काम आमचं, आणि आम्हाला निरोपाची भाषाच येत नाही. गोळीच्या पाकिटावर कंपनीचं नाव ठळक, औषधाचं नाव मुंगीच्या पायाएवढं. बी.ए. झालेली सून भिंग घेऊन बसली तरी वाचता येत नाही.

२१ सप्टेंबर

दुप्पट गोळी थांबली, कानाचीही. चक्कर नाही. बाकी आहे तसंच. धीर धरा, म्हणतात. धरलाय.

१९ ऑक्टोबर

‘सिद्धेश्वरी, आमटीत मीठ लई झालंय की.’

माझं नाव! आणि मीठ खरंच जास्त होतं! मी आत जाऊन ओट्याला टेकून हसत राहिले. अत्तींनी देवापुढे दिवा लावला आणि कानडीत त्याच्याशी बराच वेळ बोलल्या. गोळ्यांपैकी आता जुनी रक्तदाबाची आणि एक हृदयाची, एवढ्याच.

७ नोव्हेंबर

मेंदूवाल्यांना भेटून आले, एकटीच. भांडायला गेले होते. पाठ करून गेलेली वाक्यं त्यांचे डोळे बघून अर्धी विसरले – माणूस झोपलेलाच नाही असं दिसत होतं. त्यांनी ऐकून घेतलं. चूक झाली, म्हणाले, सरळ. मग म्हणाले, बाहेर बघितलंत ना किती बसलेत? एकेकाला जुन्या गोळ्या विचारत बसलो तर शेवटचा पेशंट उद्या बघावा लागेल.

मी म्हटलं, ‘मग विचारायचं कुणी?’

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘विचारणाराच कुणी नेमलेला नाही. खरं म्हणजे नेमायला हवा.’

मी म्हटलं, नेमा मग. नंबर लावताना एक नर्स बसवा, सगळ्यांच्या सगळ्या गोळ्या बघायला. मॅनेजमेंटला सांगतो, म्हणाले. सांगतील न सांगतील. पण हे एका डॉक्टरच्या चांगुलपणावर कसं सोडायचं? रस्त्यावर सिग्नल लागतोच की, ड्रायव्हर कितीही भला असला तरी. प्रत्येक माणसाला एक आपला डॉक्टर हवा, आणि एकानं दिलेलं दुसऱ्याला आपोआप दिसायला हवं. एवढंच तर मागणं.

(भाषण झालं. कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्या, भाताचा गाळ.)

२० नोव्हेंबर

मामंजी म्हणाले, सोमवारपासून दुकानात जातो. बसवराज अर्ध्या ताटावरून उठला.

२४ नोव्हेंबर

आज बसवराजनं सांगितलं. मी दारात उभी. अत्ती तांदूळ निवडत होत्या.

मामंजींनी सगळं ऐकलं. एकच विचारलं, ‘सही मी केली?’

‘व्हय, अप्पा.’

‘मला कळत हुतं तवा?’

बसवराजनं नकाराची मान हलवली. मामंजींनी स्वतःचे हात पुढं धरून बघितले. आता अजिबात कापत नाहीत ते. मग त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाले, तुझं बी काय चुकलं न्हाय. चहा मागितला. पूर्ण प्यायले. पण जेवायला उठले नाहीत.

उदयसिंहांशी बोलून बघू, असं मी बसवराजला म्हटलं. तो म्हणाला, मधली भिंत पडली गं.

१ डिसेंबर

घरात सगळे हळू बोलतात. आजारपणात एवढी शांतता नव्हती.

९ डिसेंबर

मामंजी सकाळी कुणाला न सांगता धोतर-टोपी घालून गेले. दुपारी आले, पाय धुतले आणि मला म्हणाले, ‘उद्यापासनं माझा डबा कर. उदयसिंहाकडं कामाला लागलोय. गादीवर त्यो बसंल, मी आपला खाली, गिऱ्हाइकासमोर.’