खाडीकाठची नवी वाट

कळवा

प्रिय ताई,

आयचा पाय आता पुष्कळ बरा आहे. थंडीत ठणकतो, तेवढंच. टोपली डोक्यावर घेऊन हायवेच्या कडेने बाजारात जाताना तिला मागून टेम्पोने उडवलं, तेव्हा हॉस्पिटलात तिच्या उशाशी तूच बसलेलीस. तू मोहन्याला सासरी परत गेल्यावर तिने काठी टेकत महापालिकेत किती खेटे घातले, ते तुला नीटसं ठाऊक नाही. खाडीच्या कडेने पायवाट करून द्या, एवढंच मागणं. एकदा ऑफिसात सगळ्यांपुढे उभी राहून म्हणाली, "आमाला चालाया वाट द्या, बाकी काय नको." मंजुरी आली त्या संध्याकाळी बाबांनी आळीभर पेढे वाटलेले.

वाट झाली, ताई. खोटं कशाला बोलू, छान झाली. चालणाऱ्यांना वेगळी, सायकलींना वेगळी, कडेला दिवे, बसायला बाकडी. आळीतली पोरं आता हायवेवरून शाळेत जात नाहीत. रामाकाकांची सून बाळाला गाडीत घालून फिरवते. मीही स्टेशनला सायकलनेच जातो.

पण वाटेसाठी किनारा बांधून काढला, वर लोखंडी कठडा आला, आणि आपल्या होड्या लागायच्या ती उतरण त्यात गेली. बाबा विचारायला गेले, तर ऑफिसातले साहेब उतरण नकाशातच नाही म्हणाले. पुढे कठड्याला एक फाटक ठेवलं, त्याला कायम कुलूप. मग होडी पार पुलापलीकडे बांधायची आणि जाळी खांद्यावरून घरी आणायची. बाबांचं वय आहे का ते? त्यात सकाळी फिरायला येणाऱ्यांनी सुकटीच्या वासाची तक्रार केली. माणसं वाईट नाहीत गं. एक बाई आयला रोज हसून विचारतात, मावशी, पाय कसा आहे. तक्रार करणाऱ्यांत त्याही होत्या. आयने वाळवण उचललं. आता त्या वाटेवरून ती बाजारात जाते, ती मासळी विकत आणायला.

होडी पावसाआधीच गेली. चित्रामावशीच्या जावयाने विकत नेली. बाबा निरोप द्यायला बाहेर आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच गार झाला.

काल तुझा मेसेज आला की सान्वीला सायकल घेतलीय आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला आपल्या ट्रॅकवर चालवायला आणतेस. जरूर ये. पण त्याआधी तुला कळायला हवं. फोनवर सांगता आलं नाही, बाबा जवळच असतात. गेल्या महिन्यापासून ते त्या ट्रॅकवर वॉचमन आहेत. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. कठडा ओलांडून कुणी पाण्याकडे जाऊ नये, हे बघायचं काम. तुला कळू द्यायचं नाही म्हणून त्यांनी आयला शपथ घातलीय. तू एकदम समोर आलीस तर ते मान खाली घालून दुसरीकडे निघून जातील, आणि ते मला बघवणार नाही. म्हणून तू जरा मागे थांब. सान्वीला एकटीला पुढे जाऊ दे, तिला काही सांगूही नकोस. ती आजोबा म्हणून हाक मारेल. तिला टाळून जायचं त्यांना जमणार नाही.

तुझाच,
केतन