कपाटावरचं पाकीट

नाशिक, १९ जानेवारी १९८४, गुरुवार

कॅन्सरच्या ऑपरेशनला वर्ष झालं म्हणून आज पुन्हा छातीचा एक्स-रे. डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि ह्यांना आत बोलावलं. छाती माझी, आणि निकाल नवऱ्याला! बाहेर येऊन हे म्हणाले, "सगळं ठीक आहे गं." मग एप्रिलमध्ये परत कशाला बोलावलंय? "तुला नाही झेपायचं ते." घरी येऊन एक्स-रेचं पाकीट कपाटावर टाकलं. ऑपरेशनपासून माझा उजवा हात वर जात नाही, हे ठाऊक असून! मुद्दाम?

हे बाहेर जाताच स्टुलावर चढले, डाव्या हातानं पाकीट ओढलं, फिल्म खिडकीशी धरली. नुसत्या बरगड्या. काही कळलं नाही. पाकीट आता माझ्या साड्यांखाली आहे. एप्रिलमध्ये आत मी जाणार. बाकावर हे बसतील.